सोफ्यावरचा डाग

“हजारदा सांगितलं होतं बाबांना, तेलाचं डोकं सोफ्याला टेकू नका म्हणून!” सून ओल्या फडक्याने डाग घासत तणतणली. आमच्या ह्यांना जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता.

“एवढा महागाचा सोफा, आणि साधा डाग निघत नाही?” मी मुद्दाम म्हटलं.

“अ‍ॅनिलिन लेदर आहे, आई. साध्या लेदरवर रंगाचा थर असतो, त्यामुळे तेल पुसून निघतं. यावर थरच नाही. तेल आत मुरतं, ते कायमचं. उद्या माणूस येऊन वरून रंग मारेल, मग काही दिसणार नाही.”

“हात तर लावू दे त्याला!”

मी खोबरेलाची बाटली आणली, केसांत तेल थापलं आणि तिच्यादेखत त्या डागाशेजारीच डोकं टेकलं.