माडीवर सभा

भिकू माडीच्या गुत्त्यात शिरला तेव्हा तिथली बाकडी आंघोळ करून बसली होती. म्हणजे बाकड्यांवरची माणसं. केसांना तेल, अंगात धुतलेले सदरे, आणि एकाच्याही हातात पेला नाही. भिकूची खात्री पटली. सभा इथंच.

सकाळी रेवदंड्याच्या बाजारात दवंडी पिटली होती. माडी सोडू म्हणणाऱ्यांनी दिवेलागणीला करमअलीशेटच्या माडीवर जमावं, विश्वंभर मास्तर शपथ देतील. दवंडीवाला सकाळीच ढोसून आलेला. त्यानं करमअलीशेटचं नाव गिळलं आणि उरलेलं सांगितलं. मास्तरांची माडी म्हणजे शेटच्या तांदळाच्या वखारीचा वरचा मजला. भिकूची माडी म्हणजे झाडावरून मडक्यात उतरते ती. सोडायची सभा गुत्त्यातच का, याचं त्याला नवल वाटलं नाही. होडी गळते तिथंच डांबर लावायचं.

शपथ त्याला आज घ्यायचीच होती. तो चौलचा गाडीवान. बायको नीराबाई थळला भावाकडे निघून गेली होती. तिनं निरोप धाडला होता, की सभेला मी स्वतः येते. माझ्या डोळ्यांदेखत शपथ घेतलीस तर तुझ्याबरोबर चौलला, नाहीतर तशीच मागं थळला, ती कायमची.

गुत्तेवाला येसाजी मडकं घेऊन पुढं आला. भिकू म्हणाला, आधी सभा होऊ दे. येसाजीनं विचारलं, कसली सभा? सगळ्या बाकड्यांनी त्याच्याकडं दयेनं पाहिलं. येसाजी पक्का हिशेबी. एवढी गिऱ्हाइकं आपल्या पायांनी आली आहेत, कधीतरी तहानतीलच, असा त्यानं अंदाज बांधला. मडकं मधोमध ठेवलं, तोंडावरचं फडकं काढलं आणि बाजूला झाला.

वास सुटला. भिकूनं दोन्ही हात मांडीखाली दाबले. शेजारच्यानंही दाबले. प्यायची सोय नव्हती, कारण शेजारी बसलाय तो मास्तरांचा माणूस, असं प्रत्येकाला वाटत होतं. नीराबाई येईल म्हणून भिकू दाराकडं बघत होता आणि मडकं त्याच्याकडं बघत होतं.

शेवटी साळावच्या तरीवरचा नावाडी हरेश्वर मडक्यावरून मन काढायला म्हणून बोलू लागला. एकदा तो इतका प्यायला होता, की उतारूंना धक्क्यावरच ठेवून रिकामी होडी पलीकडं घेऊन गेला. तिकडं पोचल्यावर सगळ्यांना नीट उतरा, पाय घसरेल, असंही सांगितलं. बाकडी हसून हलली. मग भिकूनं सांगितलं. बैल दमला म्हणून एकदा तो त्याला गाडीत चढवायला गेला होता. बैल चढेना, तेव्हा त्याच्या गळ्यात पडून आपण किती वाईट मालक आहोत हे सांगत रडला. बैलानं ऐकून घेतलं. लोक आणखी हसले. हसणं ओसरलं तसा भिकू हळू आवाजात म्हणाला, “नीरा गेली तवा मी समोर बसलो व्हतो. मला वाटलं, पान्याला चालली.”

मग कुणी हसलं नाही. पलीकडच्या बाकड्यावरून एकानं आपल्या घरचं सांगायला सुरुवात केली. मडक्याभोवती माश्या जमल्या.

तिकडं वखारीच्या वरच्या मजल्यावर मास्तर कंदील पेटवून बसले होते. भाषण तयार होतं, ऐकायला फक्त नीराबाई. बोचकं मांडीवर घेऊन ती जिन्याकडं डोळे लावून होती. वखार बंद करून, बाजारातली खबर घेऊन करमअलीशेट वर आले.

“बाई, तुमचा भिकू कवाचा माडीवर बसलाय.”

“शेट, माडीवर तर आम्ही बसलोय,” मास्तर म्हणाले.

“तुम्ही माझ्या माडीवर, मास्तर. तो येसाजीच्या.”

नीराबाई बोचकं उचलून जिना उतरली. गुत्ता थळच्या वाटेवरच होता. मास्तर कंदील सांभाळत मागोमाग धावले.

ती दारात दिसताच बाकड्यांवरची माणसं उभी राहिली. भिकूचे हात मांडीखाली राहून इतके बधिर झाले होते, की त्याला धड नमस्कारही करता येईना. ती सरळ त्याच्यापुढं गेली.

“तोंड उघड.”

त्यानं उघडलं. तिनं वास घेतला. पुन्हा घेतला. मग मडक्यात डोकावली. ते काठोकाठ भरलेलं होतं.

“वयनी, न्या यांना,” येसाजी कळवळून म्हणाला. “सगली सांज बाकडी अडवून बसलेत. एकानं ओठ वला केला न्हाय. माझी माडी आंबून चालली.”

मास्तरांना धाप लागली होती. चला सगळे वखारीवर, अजून वेळ गेलेली नाही, रीतसर शपथ घेऊ, असं ते म्हणू लागले.

नीराबाईनं बोचकं भिकूच्या डोक्यावर ठेवलं, त्याचं तोंड चौलच्या वाटेकडं वळवलं आणि म्हणाली, “शपथ राहू द्या, मास्तर. शपथ घेऊन माडीवर बसलेले लई बघितले. माडीवर बसून कोरडा उठलेला ह्यो पयलाच.”