पोर मोठं झालं

तोक्योतल्या एका अ‍ॅनिमे मालिकेत चिझुरू चार पर्वं रडक्या, दुबळ्या पोराचा आवाज झाली होती. मार खाऊन पुन्हा उठणाऱ्या त्या छोट्या सुपरहिरोसाठी किंचाळून घसा बसला, की आल्याचं गरम पाणी पिऊन ती परत माइकपुढे उभी राहायची.

आज दिग्दर्शक कुवाबारांनी परीक्षण वाचून दाखवलं. "'पाचपैकी पाच. रडकं पोरगं डोळ्यांदेखत वाढलं, आणि ते पटलं.' चिझुरूसान, हे तुमचंच यश."

"अहो, पोटच्या पोरासारखा वाढवलाय त्याला," ती हसली. "पुढचं पर्व कधी?"

कुवाबारा खुर्चीतून उठले आणि तिच्यापुढे कमरेत पार वाकले. मान काही वर करेनात.



"माफ करा. पोरगा वयात आलाय. आता त्याला बाईचा आवाज चालणार नाही."