रुतलेले भिंग

लेकरासाठी जी गोष्ट जिवापाड मेहनतीने जवळ आणावी, तीच त्याच्या हितासाठी ऐनवेळी सोडून द्यावी लागावी, असा प्रसंग आईबापांवर कधीतरी येतो. आणि तो सवड पाहून येत नाही. जयाबाईंवर तो भल्या सकाळी आला, हातात डोळ्यातले भिंग उचलून काढायची रबराची एक लहानशी कांडी असताना.

त्यांच्यापुढे खिडकीशी खुर्चीत त्यांची नववीतली लेक खुशी मान मागे टाकून बसली होती. अंगात खेळाचा पोशाख, पायांत बूट. तिच्या उजव्या डोळ्यातले भिंग निघत नव्हते.

रात्री डोळ्यांत घालून झोपायचे आणि सकाळी काढायचे, अशी ती भिंगे. झोपेत ती बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला हलकेच आकार देतात. मग दिवसभर चष्म्यावाचून लांबचे स्वच्छ दिसते. खुशीला ती मानवतात की नाही, हे पाहण्याची चाचणी चालू होती. आट्यापाट्यांत हुलकावणी देताना तिच्याआधी तिचा चष्माच पाटीबाहेर पडत असे. आणि आज रेशीमबागेच्या मैदानावर जिल्ह्याच्या संघाची निवड होती.

"निघाली का लेन्स?" तिचे वडील अंकुशराव दारातून विचारते झाले. खाली त्यांची मोटरसायकल चालूच होती.

"नाही जी. चिपकून बसली आहे."

"झटक्यात ओढ न मग. जखमेवरची पट्टी आपण काय गोंजारत काढतो का?"

"ते कातडं राहते. हा डोळा आहे."

कोरड्या भिंगाला ओढायचे नाही, असे भिंगे देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी बजावले होते. औषधाचे थेंब टाकायचे, थांबायचे, भिंग पापणीबरोबर हलू लागले की मगच कांडी टेकवायची. परंतु थेंबांची बाटली पिळून पिळून रिकामी झाली होती. शेवटचा थेंब तर गालावरून ओघळून कानात गेला. डॉक्टरीणबाईंचा फोन नुसता वाजत होता.

"मम्मी, उशीर होऊन राहिला. सर नाव एकदाच पुकारतात."

"हलू नको."

अंकुशराव आत गेले आणि देवापुढचा गडवा घेऊन आले. "हे घे. गडावरचं तीर्थ आहे. दोन थेंब टाक. रामाच्या दारच्या पाण्यानं कोणाचं वाईट होते का?"

रामटेकचा गड अनवाणी चढून ते तीर्थ जयाबाईंनीच आणले होते. कसलेही पाणी, कितीही निर्मळ दिसो, या भिंगाला लागता कामा नये, हेही त्यांनीच दवाखान्यात ऐकले होते. त्यांनी गडवा दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि देवापुढे परत नेऊन ठेवला.

"रामाले ठाऊक आहे, कोणतं पाणी कुठं चालते ते."

त्या पुन्हा लेकीवर वाकल्या. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर लाल रेषांचे जाळे उठले होते. डोळा लाल दिसला तर त्या दिवशी धुळीत पाठवू नका, आधी मला दाखवा, असे डॉक्टरीणबाईंचे शब्द होते. जयाबाईंनी खालची पापणी ओढून पुन्हा पाहिले. मग ताठ उभ्या झाल्या.

"खुशी, आज तू नाही खेळत, बेटा."

गुडघे फुटले तरी न रडणारी ती पोर. तिचे ओठ वाकडे झाले, आणि दोन्ही डोळे काठोकाठ भरले. जयाबाईंनी पापणीची कड बोटाने दाबली. आसवांनी भिजलेले भिंग सरकले. पापणीबरोबर वर गेले, खाली आले. कांडी टेकवताच ते अलगद बाहेर आले.

"वा वं जया!" अंकुशरावांनी टाळी वाजवली. "काय डोकं चालवलं! पोट्टीले रडवून काढली!"

खुशी रडता रडताच हसली. "मम्मी, जीवच घेतला होता न तू माझा! चला बाबा." तिने बॅग खांद्यावर टाकलीसुद्धा.

"कुठं?" जयाबाई म्हणाल्या.

दोघेही थबकले.

"मी तिले रडवासाठी नाही म्हणलं. डोळा लाल झाला आहे. दवाखाना उघडला की आधी तिथं."

"अवं, पुढच्या साली या गटात वय नाही बसत तिचं!"

"ठाऊक आहे मले."

"मग?"

"मग काय! ठाऊक आहे म्हणलं न."

खुशीने बॅग जमिनीवर आपटली. "काहून घातल्या मग लेन्स? याच्यासाठीच घातल्या होत्या न?"

अंकुशराव जिना उतरून गेले. थोड्या वेळाने खालचा मोटरसायकलचा आवाज बंद झाला.

डाव्या डोळ्यातले भिंग अजून आतच होते. या धांदलीत त्याचे भान कोणालाच राहिले नव्हते. ते आधी खुशीच्या ध्यानात आले. आईच्या तोंडाकडे न बघता ती परत खुर्चीत बसली.

"ही काढ," ती म्हणाली. राग तसाच होता. तिने मान मागे टाकली आणि पापणी लवू न देता डोळा आईपुढे उघडा धरला.

जयाबाईंनी हात पुन्हा धुतले, कोरडे केले, आणि त्या वाकल्या.

ईश्वर त्या डोळ्याला जपो, त्या रागालाही जपो. आणि तो हात स्थिर राहो.