पहाटेची पकड

देहदान करा, असं उभ्या वरकुटे गावाला सांगण्यात गुरुजींची हयात गेली. पहिला अर्ज त्यांचाच. ते गेले आणि बारामतीहून मेडिकल कॉलेजची गाडी दारात आली. "काकू, हितं सही करा," त्यांचा विद्यार्थी युवराज म्हणाला. ठमाबाईंनी पेन धरलं, तोच मनगटाला नवऱ्याची पहाटेची पकड जाणवली. दोघंच असताना गुरुजी लेकरागत रडले होते, "ठमे, मला कापाय देऊ नगंस. लई भ्या वाटतं. पन कुणाला सांगू नगंस." ठमाबाईंनी पेन खाली ठेवलं. ज्या बोलण्याला गुरुजी जन्मभर हसले, तेच मोठ्यानं बोलल्या, "अग्नीबिगर मुक्ती मिळत न्हाय. मी ह्यांना न्हेऊ देणार न्हाय." "देवमाणसाच्या घरात असली अडाणी बाई!" अंगणात कुणीतरी पुटपुटलं. युवराजनंही मान फिरवली. "व्हय बाबा, अडाणीच हाय मी," म्हणत ठमाबाई गुरुजींच्या चेहऱ्यावरची माशी पदरानं वारत राहिल्या.