कोऱ्या कागदावरची सही

"खाली सह्या करा. मजकूर नंतर लिहू," परीक्षक म्हणाले. निवृत्त फौजदार होते ते आणि घाईत होते. आमच्या आयटीआयमध्ये सुरक्षा अभ्यासक्रमाची प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. प्रयोगशाळेतलं कपाट फोडलं गेलंय असं समजून पंचनामा करायचा होता.

पहिल्या पंचाने, म्हणजे एका विद्यार्थ्याने, लगेच सही ठोकली. दुसरी पंच प्रणिती. तिने पेन खाली ठेवलं.

"आधी लिहा, सर. वाचून करते."

"अगं बाई, पोलीस ठाण्यात असंच चालतं. नापास व्हायचंय का?"

"माझ्या मामांनी एका खुनाच्या पंचनाम्यावर अशीच सही केली होती. कोर्टात वकिलाने विचारलं, चाकू कुठे सापडला? मामांना सांगता येईना. आरोपी सुटला. मेलेला मुलगा आमच्याच गल्लीतला होता, सर. त्याची आई अजून मामांशी बोलत नाही."

वर्ग माझ्याकडे बघत होता. पाहिलेलं लिहा, लिहिलेलं वाचा, मगच सही करा, हे महिनाभर मीच शिकवलं होतं. पण प्रणिती नापास झाली तर तिची ठरलेली नोकरी जाणार होती. मी नुसती पेनाचं टोपण काढत, लावत उभी होते.

परीक्षकांनी गुणपत्रक माझ्यापुढे सरकवलं. नावं होती, गुणांचा रकाना रिकामा होता. "मॅडम, तुम्ही तरी सही करा. आकडे घरी भरतो."

"इथेच भरा, सर," मी म्हणाले. "आणि सकाळच्या तुकडीचं, मी सही करून दिलेलं कोरं पत्रकही बाहेर काढा."