फडक्यावर काहीच उरलं नाही

आप्पांनी जुन्या लुगड्याचं फडकं पिळलं आणि उन्हाला धरून निरखलं. एक कणही नव्हता. एका बादलीत कॅल्शियमचं खत, दुसरीत फॉस्फरसचं. दोन्ही पाणी कसं नितळ!

"सूनबाई, गाळून झालं. आता दोन्ही एकदमच वततो ठिबकच्या टाकीत. लाईट तासभरच हाय."

"आप्पा, थांबा! पाया पडते, ओतू नका!" श्रेया पळतच मोटारीच्या खोलीत आली.

गेल्या साली पिंपळीतल्या त्यांच्या दोन एकर डाळिंबाच्या ठिबकची भोकं बुजली आणि निम्मी बाग वाळली. आप्पा गाळूनच खत सोडत, म्हणजे खोट नळीतच असणार. ठिबकवाल्या विशालच्या सात पिढ्यांचा त्यांनी भर चौकात उद्धार केला होता. यंदा फळं लिंबाएवढी झाली होती. पुन्हा भोकं बुजली तर बाग उपटायचीच पाळी.

श्रेयानं चहाचे काचेचे तीन ग्लास मांडले. पत्र्याला खिळ्याचं भोक होतं, त्यातून ऊन तिरपं उतरत होतं. त्या उजेडात धूळ नाचत होती. तिनं कॅल्शियमच्या पाण्याचा ग्लास मध्ये धरला.

उजेडाची काठी ग्लासापर्यंत आली आणि आत शिरताच दिसेनाशी झाली. पलीकडे पुन्हा हजर! आप्पांनी ग्लासात बोट बुडवलं. बोट लख्ख उजळलं.

"आयला! उजेड हाय की हितं! मग दिसंना कसा?"

"खत पार विरघळलंय, आप्पा. उजेडाला अडवायला कणच नाही."

दुसऱ्या ग्लासात साधं पाणी होतं, तो तिनं त्याच उजेडात ठेवला. तिनं त्यात दुधाचा एक थेंब टाकला, तशी उजेडाची काठी पाण्यात उभी राहिली. "दुधाचे कण उजेडाला अडवतात, पण फडक्यात अडकत नाहीत. आणि तळालाही बसत नाहीत."

आप्पांचा आ वासलेलाच. आख्खं आयुष्य दूध काढण्यात गेलं, पण दुधात हे असं काही असेल हे कुणाच्या बापाला ठाऊक!

"आता हे बघा." तिसऱ्या ग्लासात तिनं दोन्ही बादल्यांतलं अर्धा-अर्धा ग्लास पाणी ओतलं.

नितळात नितळ पडलं आणि पापणी लवायच्या आत ग्लास पांढराफेक झाला. आप्पा एक पाऊल मागं सरले. चुना नाही, दूध नाही, काही नाही. हे आलं कुठून? बघता बघता पांढरे कण खाली बसायला लागले. श्रेयानं ते पाणी फडक्यावर ओतलं. या खेपेला फडक्यावर पांढरा लगदा उरला.

आप्पांनी तो चिमटीत घेतला. गेल्या साली भोकाभोकातून सुईनं उकरून काढलेला, तोच हा.

"आज एकच बादली सोडू," श्रेया हळूच म्हणाली. "दुसरी परवा."

आप्पांनी मान हलवली. मग खिशातून फोन काढला.

"विशालराव, आप्पा बोलतोय... न्हाय न्हाय, भांडाया न्हाय. चूक माझी व्हती, तुमची नळी चांगली व्हती..." त्यांची नजर दुधाच्या ग्लासातल्या उजेडावर खिळलेली होती. "न्हाय वो, फोनवर न्हाय सांगता येत. ऊन हाय तवर या."