रकान्यातलं नाव

केसपेपर लिहायला मालती कर्णिक खाटेजवळ आली आणि जागीच थिजली. समोर तिचे अण्णा होते, मोतीबिंदूने दृष्टी गेलेले.

मालती हे तिचं नाव नव्हतं, ती सुलभा. नऊ वर्षांपूर्वी ती नवऱ्याच्या घरातून पळाली आणि वाटेत बस पेटली. शेजारच्या सीटवरची मालती नावाची मुलगी ओळखू येणार नाही इतकी जळाली. जवळ सुलभाची पिशवी सापडली म्हणून लोकांनी तिलाच सुलभा समजलं. मग धावपळीत हाती आलेले त्या मुलीचे दाखले घेऊन सुलभा परगावच्या इस्पितळात कारकून झाली. तिथे तिला कधी कोणाचं पत्र आलं नाही.

"नातेवाईक कोण?" तिने आवाज दाबून विचारलं.

"कोणी नाही, बाई. एक लेक होती. नवरा मारतो म्हणून माहेरी आली, तर मीच परत धाडली. शेवटी अग्नीही मीच दिला."

ऑपरेशनसाठी नातेवाइकाची सही हवी होती. खरं नाव लिहिलं तर नोकरी जाईल, नवरा शोधत येईल. तरी रकान्यात तिने लिहिलं, 'सुलभा, मुलगी'.

"अण्णा, तुम्ही अग्नी दिलात ती मी नव्हे."

त्यांची बोटं तिचा चेहरा चाचपू लागली, तोच स्ट्रेचर आत नेलं. बाहेरच्या बाकावर ती एकटीच बसली. नऊ वर्षांत पहिल्यांदाच ती कोणाची तरी वाट पाहत होती.